बेलाची सावली, द्राक्षाचा मांडव

शेजाऱ्याच्या झाडाबद्दल काही सांगायचं असेल तर माणूस काय करतो? भिंतीशी उभा राहतो आणि हाक मारतो. साराबाईंनी अर्ज लिहिला. रेघी फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास सोडला, वर 'प्रति' घातलं आणि विषय लिहिला: आपल्या हद्दीतील बेलाच्या फांद्या माझ्या हद्दीतील द्राक्षाच्या मांडवावर आल्याने ऊन अडत असल्याबाबत. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? शिवाय अर्ज ज्यांना जायचा ते यज्ञेश्वर जन्मभर नगरच्या कोर्टात कारकुनी करून नाझर म्हणून निवृत्त झालेले. कागदावर आलं म्हणजे ते लक्ष घालतील, असा बाईंचा हिशेब.

त्यांनी लक्ष घातलं. दुसऱ्या दिवशी तोच कागद बाईंच्या पत्रपेटीत परत आला. कोपऱ्यात बारीक, देखण्या अक्षरात शेरा होता: 'अर्ज मिळाला. विचारार्थ ठेवला आहे. पुढील तारीख १५ मे.' खाली सही.

"तारीख देतात मला!" साराबाई स्वयंपाकघरात एकट्याच ओरडल्या. कुकरच्या शिट्टीनंही जरा दबकूनच साथ दिली.

संताप व्हायला कारण होतं. त्या दिवशी एप्रिलची अठरा तारीख होती. आठच दिवसांपूर्वी त्यांनी वेलाची खरड छाटणी केली होती. वर्षभराच्या जुन्या काड्या एप्रिलात पार खोडापर्यंत छाटायच्या, म्हणजे नव्या फुटतात. त्या नव्या काडीच्या एकेका डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड धरायचा की नुसती पानं काढायची, हे उन्हाळ्याच्या त्या पाच-सहा आठवड्यांतच ठरतं, आणि ठरवतं ते ऊन. ऊन मिळालं तर घड, सावली मिळाली तर पाला. पंधरा मेची वाट पाहत बसलं तर निम्मा मोसम सावलीतच जाणार. गेली दोन वर्षं नुसता पालाच आला होता.

आता हा वेल काही हौसेचा नव्हता. बाईंचे यजमान दानीएल यांच्या आजोबांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या घरी लावलेल्या वेलाची काडी दानीएलांनी सावेडीतल्या या प्लॉटवर आणून रोवली, तेव्हा घराच्या भिंतींना गिलावाही झालेला नव्हता. काळी, बियांची, जाड सालीची द्राक्षं. बाजारात कुणी हातही लावणार नाही. पण पवित्र सप्ताहात चर्चमध्ये जे प्रभुभोजन होतं, त्यासाठी प्याल्यात पडणारा रस तीन पिढ्या याच द्राक्षांचा. आजोबांनी दिला, सासऱ्यांनी दिला, मग दानीएलांनी. सहा वर्षांपूर्वी दानीएल गेले आणि काम साराबाईंकडे आलं. चार वर्षं त्यांनी ते नेटानं केलं. मग वेल रुसला. गेल्या वर्षी कशीबशी एक बाटली निघाली. यंदा चारच घड आले, तेही चिंचोक्यांसारखे.

चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी जस्टिन हा बाईंचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा भूमितीत लटकलेला. त्यानं पुण्याहून रसाच्या बाटल्या मागवल्या.

"बाई, तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "इतकी वर्षं केलंत. आता बाटलीचीच सवय करू. पुढच्या वर्षी वेलाला फळ आलंच तर बघू, नाही तर कायमचंच मागवत जाऊ. तुमचाही त्रास वाचेल."

त्रास वाचेल! पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी साराबाईंनी प्याला ओठांना लावला आणि त्यांना रडू आलं. रस गोड होता, चांगला होता. मंडळीतल्या एकालाही फरक कळला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. दानीएल जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दर वर्षी त्या एका घोटापुरते ते चर्चमध्ये असत. या वर्षी नव्हते.

तर असं होतं. वेल वाचवायचा तर ऊन हवं, ऊन हवं तर बेल छाटायला हवा, आणि बेल शेजारच्यांचा.

मग हाक का मारली नाही? तर तीस वर्षांच्या शेजारात साराबाई आणि यज्ञेश्वर समोरासमोर मोजून दहा वाक्यंही बोलले नव्हते. भांडण नव्हतं की काही नव्हतं. गरजच पडली नव्हती. मध्ये सुचित्रा होती ना. सुचित्रा म्हणजे यज्ञेश्वरांची बायको. "आमच्या ह्यांना सांगते," असं ती म्हणाली की काम झालं. नळाचं पाणी, भिंतीची डागडुजी, दानीएलांच्या पेन्शनचे कागद, सगळं तिच्यामार्फत इकडून तिकडे जाई. अगदी तापाची गोळीसुद्धा. तीन वर्षांपूर्वी सुचित्रा गेली आणि दोन घरांच्या मधला रस्ताच बंद झाला. उरले एक विधुर, एक विधवा आणि पाच फुटी भिंत. दोघंही अंगणात एकमेकांना पाहून मान लववीत आणि आत जात.

अर्ज हातात धरून बाई मांडवाखाली येऊन बसल्या. वर पाहिलं. बेलाच्या फांद्या भिंत ओलांडून मांडवावर अशा ओणवल्या होत्या की आभाळाचे नुसते ठिपके दिसत होते. एवढा कधी माजला हा बेल? तीस वर्षं तो तिथेच होता. दानीएल असताना सकाळी आठाला मांडवाखाली लख्ख ऊन असायचं. वाळवणं घालायचो आपण इथे, बाईंच्या मनात आलं. मी आणि सुचित्रा.

आणि मग त्यांना ती दुपार आठवली. एक नव्हे, शेकड्यांनी दुपारी.

साडेतीनचा चहा झाला की सुचित्रा भिंतीपलीकडच्या दगडी कट्ट्यावर चढून उभी राही आणि बेलाची पानं खुडायला लागे. मुलगी देवश्री लग्न होऊन गेल्यावर तिनं महादेवाला बेलाची लाखोली वाहायला घेतली होती. एक लाख पानं. प्रत्येक पान तीन दळांचं, अखंड, न फाटलेलं, कीड न लागलेलं.

"कशासाठी गं एवढा खटाटोप?" साराबाईंनी विचारलं होतं. "काय मागायचंय?"

"मागायचं काहीच नाही. म्हणून तर सुरू केलंय," सुचित्रा म्हणाली होती. "मागणं असतं तर घाई झाली असती."

टोपली ती भिंतीवर ठेवायची. "सारा, मी पन्नासाच्या पुढे बोलता बोलता विसरते बाई. तू मोज." मग साराबाई मोजत. बोलणं चालू, मोजणं चालू. लोकांच्या सुनांपासून शाळेतल्या राजकारणापर्यंत सगळे विषय होत आणि आकडा मात्र कधी हलत नसे. शंभर झाले की त्या सांगत आणि सुचित्रा वहीत एक रेघ मारी.

"मी तुझ्या देवाचं काही करत नाही हं," साराबाई सुरुवातीलाच बजावत. "मी नुसती बेरीज करते."

"कर की. माझ्या देवाला बेरीज चालते."

मार्चात द्राक्षं उतरली की सुचित्रा सोवळ्यातल्यासारखी स्वच्छ होऊन येई आणि मांडवाखाली बसून घडातले सडके मणी काढी. "आणि मीही तुझ्या प्रभूचं काही करत नाही," ती म्हणे. "मी आपली द्राक्षं निवडते." मग दोघी इतक्या हसत की दानीएल खिडकीतून डोकावून विचारत, काय झालं म्हणून. त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नसायचंच.

साराबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. कट्ट्यावरून सुचित्राचा हात पोचायचा तो फक्त या बाजूच्या फांद्यांना. रोज शंभरेक पानं, कोवळे शेंडे, लटकत्या डहाळ्या, वर्षानुवर्षं ती या बाजूनंच खुडत होती. बेल इकडे कधी दाट झालाच नाही, कारण ती होती. झाड काही माजलं नव्हतं. खुडणारा हात गेला होता. गेली तीन वर्षं आपल्या वेलावर ही जी सावली पडतेय ती सुचित्रा नसण्याची आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि अर्जातला 'हद्द' हा शब्द वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

चपला घालून त्या शेजारच्या फाटकातून आत गेल्या. सुचित्राच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

यज्ञेश्वर ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. बाईंना पाहताच गडबडीनं उठले आणि खुर्ची पुसायला लागले.

"तारखेच्या आधी आले," साराबाई म्हणाल्या. "अर्ज मागे घेते. तोंडी सांगते."

"बसा, साराबाई. मी... ते तसं लिहायला नको होतं. हाताला सवय आहे. उत्तर सुचलं नाही की तारीख द्यायची, चाळीस वर्षं तेच केलं."

"उत्तर का सुचलं नाही? बेल तोडायचा नसतो म्हणून? पूर्ण तोडा म्हणत नाही मी. माझ्या बाजूच्या दोन-तीन फांद्या. मला ठाऊक आहे तुमच्यात..."

"तोडायचं नसतं वगैरे तिचं होतं. मी देवाला नमस्कार करतो तो तिची सवय म्हणून." ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. निळ्या पुठ्ठ्याची, कडा चिंबलेली. साराबाईंनी ती लांबूनच ओळखली. आत रेघाच रेघा. शेवटच्या पानावर सुचित्राच्या हातचा आकडा होता: नव्वद हजार आठशे.

"नऊ हजार दोनशे उरलेत," यज्ञेश्वर म्हणाले. "देवश्री म्हणते, बाबा, एखाद्या गुरुजींना सांगा, पुरे करून टाका, आईला बरं वाटेल. तीन वर्षं म्हणतेय. मी टाळतोय."

"का?"

त्यांनी आधी वही मिटली, मग सरळ करून मांडीवर ठेवली. कोर्टातल्या माणसाला एवढा वेळ लागला म्हणजे बोलणं खरं असणार, असं बाईंना वाटलं.

"तिचं सगळं संपलंय. कपडे दिले, बँकेचं खातं बंद झालं, गॅस माझ्या नावावर झाला. हे एकच काम अजून तिचं चालू आहे. पुरं केलं की झालं. मग माझ्याकडे तिचं काही चालू राहत नाही. फांद्या छाटल्या तर त्याच पानांत लाखोली पुरी होईल, हे तुमचा अर्ज वाचल्या वाचल्या कळलं मला. पानं वाया घालवणं तिला चाललं नसतं. म्हणून तारीख दिली."

मग साराबाईंनी वेलाचं सांगितलं. दानीएलांचं, जस्टिनच्या बाटल्यांचं, गुरुवारच्या त्या घोटाचं. कुणाजवळ बोलल्या नव्हत्या त्या. सुचित्राजवळ बोलल्या असत्या.

"हे अर्जात लिहिलं नाहीत," यज्ञेश्वर म्हणाले.

"अर्जात हे कुठल्या विषयाखाली लिहायचं?"

ते हसले. बाईंनी त्यांना तीस वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"उद्या माणूस बोलावतो," ते म्हणाले. "तुमच्या वेलाला थांबता येत नाही. मला येतं."

माणूस आला तो सहादेव, जामखेडकडचा, पाठीला कोयता लावून. झाड पाहून त्यानं आधी तोंड वाकडं केलं.

"बेल हाय व्हय? सांगायचं न्हाई का आदी? बेलाला असा सुका कोयता लावत न्हाईत सायेब. आन आज सोमवार तर न्हाई ना?"

"सोमवार नाही. आणि काल हळदकुंकू वाहून झाडाची माफी मागितली आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

"मंग हरकत न्हाई. पर काटं लई हायेत ह्याला. माझं रगत निघालं तर त्याची माफी कोन मागनार?"

दुपारपर्यंत तीन मोठ्या फांद्या उतरल्या. शेवटची पडली तेव्हा मांडवावर ऊन धपकन् आलं. साराबाईंना डोळे मिटून घ्यावे लागले. छाटलेल्या खोडावर नुकत्या फुटलेल्या पोपटी कोंबांतून उजेड आरपार दिसत होता. त्यांनी हात जोडले आणि मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले. मग जरा थांबून सुचित्राचेही मानले.

पानं खुडायला आठवडा लागला. बेल शिळा होत नाही म्हणतात. सावलीत सुकवून पानं सुती पिशव्यांत भरली आणि मे महिनाभर साडेतीनच्या चहानंतर भिंतीवर टोपली यायला लागली. अलीकडे साराबाई मोजत, पलीकडे यज्ञेश्वर खुर्ची टाकून वहीत रेघा मारत. सुरुवातीला दोघंही गप्प असत. नुसतं "शंभर" आणि "हं". पण शंभरा-शंभरांत माणूस किती गप्प राहणार? एकदा साराबाई सहज म्हणाल्या, सुचित्रा चहात आलं घालताना चमच्यानं मोजायची. यज्ञेश्वरांनी मान वर केली. "तिकडे मोजायची? माझ्या चहात तर मूठभर टाकायची." मग निघालंच. त्यांना ठाऊक नसलेली सुचित्रा बाईंकडे होती आणि बाईंना ठाऊक नसलेली त्यांच्याकडे. ती गाणं म्हणताना दुसरं कडवं नेहमी विसरे. ती दानीएलांना घाबरे, कारण ते इंग्रजीत शिंकतात असं तिला वाटे. यावर यज्ञेश्वरांनी डोळे पुसले, हसूनच पुसले, पण बराच वेळ पुसत राहिले.

छाटलेल्या फांद्यांची निघालेली आठ हजार पानं श्रावणातल्या सगळ्या सोमवारी मिळून वाहून झाली. उरले बाराशे, ते महाशिवरात्रीला वाहायचे ठरले.

इकडे वेलानं उपकार फेडायचं मनावर घेतलं. उन्हाळ्यातच काड्या बोटाएवढ्या जाड होऊन तपकिरी पडल्या. ऑक्टोबरात साराबाईंनी फळ छाटणी केली आणि पंधरा दिवसांत फुटव्यांबरोबर बारीक घड दिसले. एक, दोन, मग मोजणंच सोडलं. फेब्रुवारीत मणी रंग धरायला लागले. जस्टिन येऊन मांडवाखाली उभा राहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "बाई, पुण्याला फोन करून बाटल्या नको म्हणून सांगतो." त्याच्या भूमितीला बाईंनी त्या दिवशी माफ केलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दुपारी शेवटची टोपली आली. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी, बेल तोडायचा नसतो, म्हणून यज्ञेश्वरांनी सकाळीच ताजी पानं खुडून ठेवली होती. आज ते भिंतीपलीकडे बसले नाहीत. फाटकातून आले आणि मांडवाखाली साराबाईंसमोर टेकले. वर काळसर घड लोंबत होते. त्यांच्या मांडीवर वही होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पेन्सिलीला टोक करायला त्यांनी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा ती मोडली.

साराबाई मोजत होत्या. शंभर. दोनशे. पाचशे झाले तेव्हा त्यांनी समोर पाहिलं. यज्ञेश्वर वहीतल्या रेघांकडे पाहत नव्हते, टोपलीकडे पाहत होते. तळ दिसायला लागलेल्या टोपलीकडे. निकाल लागायच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते साराबाईंना ठाऊक नव्हतं, पण तो असाच असणार. या माणसानं आपल्या वेलाला ऊन दिलं आणि त्यासाठी जवळ होतं तेवढं मोडलं, हे त्यांना इतकं लागलं की आकडा तोंडात अडखळला. त्यांचा आकडा. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी पुढचं पान उचललं. तीन दळं, हिरवंगार, कुठे चीर नाही, छिद्र नाही. साराबाईंनी ते उलटसुलट केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि बाजूला, फाटक्या पानांच्या ढिगावर टाकलं.

"चालणार नाही हे," त्या म्हणाल्या.

पुढचंही टाकलं. त्याच्या पुढचं घेतलं मोजणीत, मग पुन्हा दोन टाकली. खोटं बोलायची सवय नसलेली बाई, कानापर्यंत लाल झाली होती. अडतीस वर्षं पोरांना अचूकपणाचे धडे दिले त्याचं हे फळ, असं तिच्या मनात आलंही, पण हात थांबला नाही. याचा जाब द्यायला लागला तर देऊ, प्रभूही समजून घेईल आणि तो पलीकडचा महादेवही.

यज्ञेश्वरांनी ढिगातलं एक पान उचललं. चष्मा वर केला. पान उजेडात धरलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. चाळीस वर्षं खोटे कागद ओळखण्यात गेलेला माणूस.

"कीड दिसतेय," ते म्हणाले. त्यांनी ते अखंड पान जपून पुन्हा ढिगावर ठेवलं, आणि मग टोपलीतून स्वतःच आणखी एक उचलून त्याच्यावर ठेवलं.

"किती भरले?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आठशे. चारशे कमी पडतात."

"आज दिवस मावळत आला, आणि उद्या तर तोडता येत नाही."

"नाही येत."

"म्हणजे हे आता पुढच्या श्रावणावर गेलं."

"जाऊ दे की," साराबाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"